हळू फिरतो म्हणून नावं ठेवू नका: फ्लॉक्युलेटर मिक्सरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कंपनीचा नाही, मशीनच्या प्रकाराचा आहे. उभा शाफ्ट, खाली तीन रुंद वाकवलेल्या ब्लेड (हायड्रोफॉइल म्हणतात त्या), वर गिअरबॉक्स, मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण). आमच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात फ्लॉक्युलेशनच्या (तुरटीनं गाळाचे बारीक कण जोडून मोठे करायच्या) टाक्यांवर जुने फास्ट मिक्सर होते ते काढून हे बसवले. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "हे चालू आहे ना?" कारण वरून बघितलं तर पाणी जेमतेम हलताना दिसतं, आवाज नाही, भोवरा नाही, काहीच नाही. आणि नेमकं तेच पाहिजे असतं हे लोकांना पटवता पटवता नाकी नऊ येतात.

कारण तुरटी टाकल्यावर पाण्याची दोन वेगळी कामं असतात. आधी फ्लॅश मिक्सर, तिथं तीस सेकंद ते मिनिटभर दणकून घुसळायचं म्हणजे केमिकल सगळीकडे पसरतं, तिथं 'जी' व्हॅल्यू (G, म्हणजे घुसळण्याच्या जोराचं माप) 300 च्या पुढे असते. त्यानंतर फ्लॉक्युलेटर, इथं 20 ते 30 मिनिटं हळूहळू फिरवायचं म्हणजे बारीक कण एकमेकांना धडकतात, चिकटतात, फ्लॉक (चिकटलेल्या कणांचा गोळा) मोठा होतो. इथं जी साधारण 20 ते 75 च्या मधे. एकदा का फ्लॉक तुटला की तो परत तसा जुळत नाही, बारीक चुरा होऊन क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) सरळ फिल्टरवर जातो, मग बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं) वाढतात आणि सगळे डोसिंगच्या नावानं ओरडतात, तुरटी वाढवा, पॉली (पॉलिमर) वाढवा. डोसिंग बिचारं बरोबर असतं, मारणारा मिक्सर असतो.

आकडा बघा म्हणजे पटेल. 100 घनमीटरची टाकी, जी 50 पाहिजे, तर पाण्यात जायला हवी ती पॉवर फक्त 250 वॅट. अडीचशे! त्याच टाकीत कोणी 2 किलोवॅट घातले तर जी 140 च्या वर जाते आणि फ्लॉकचा भुगा होतो. त्यामुळे "आमची मोटर जास्त एचपीची आहे" हे विक्रेत्याचं कौतुक इथं चालत नाही, उलट ऐकलं की सावध व्हायचं. मोटर किती एचपीची हे विचारूच नका, शाफ्टवर किती वॅट जातात ते विचारा, आणि ते लेखी घ्या.

आता मशीन कसं वाटलं. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे व्हीएफडीवरून प्रत्येक टाकीला वेगळा स्पीड देता येतो. पहिल्या टाकीत जी 70 च्या आसपास, मधल्या टाकीत 40, शेवटच्या टाकीत 20, म्हणजे फ्लॉक जसा मोठा आणि नाजूक होत जातो तसं घुसळणं कमी. पण स्पीडचं गणित फसवं आहे हे ऑपरेटरला नीट सांगून ठेवा, स्पीड दुप्पट केला की पॉवर आठपट होते आणि जी पावणेतीनपटीच्या वर, त्यामुळे नॉब थोडासाच फिरवायचा. थंडीत पाणी घट्ट होतं, 20 डिग्रीवरून 10 वर आलं की चिकटपणा तीस टक्क्यांनी वाढतो, तोच स्पीड ठेवला तर जी दहा-बारा टक्के पडते, तेव्हा थोडं वाढवावं लागतं.

शेवटच्या टाकीच्या तोंडाशी काचेच्या बीकरमध्ये हळूच पाणी घेऊन उजेडासमोर धरलं की पिंजलेल्या कापसासारखा फ्लॉक दिसतो, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि मधलं पाणी नितळ. जुन्या मिक्सरच्या वेळी त्याच बीकरमध्ये सगळं दुधट दिसायचं. मी गढूळपणाच्या मीटरपेक्षा या बीकरवर जास्त विश्वास ठेवतो, मीटरवर तेच उशिरा कळतं.

देखभालीच्या दृष्टीनं पण चांगलं, पाण्याखाली बेअरिंग नाही. आडव्या शाफ्टच्या पॅडलवाल्या मशीनमध्ये पाण्याखालची बेअरिंग आणि ग्लँड (शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग) गळते, मग टाकी रिकामी करा, खाली उतरा, ते सगळं इथं वाचतं. गिअरबॉक्स मात्र ड्रायवेल प्रकारचाच (शाफ्टवरून तेल खाली गळू नये अशा रचनेचा) घ्या, नाहीतर सील गेलं की तेल थेट पिण्याच्या पाण्यात.

आता तक्रारी. एक, मोटरला स्वतःचा पंखा असतो तो शाफ्टवरच बसवलेला, व्हीएफडीवर स्पीड खूप खाली आणला की पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते. वेगळ्या वीजपुरवठ्याचा कूलिंग फॅन मागून घ्या, आम्हाला तो नंतर लावावा लागला, विक्रेत्यानं आपणहून सांगितलं नव्हतं. दोन, टाकीला बॅफल (गोल फिरणारं पाणी अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या) नसतील तर पाणी ब्लेडसोबत गोल फिरतं आणि मिक्सिंग होतच नाही, हे मशीनचा दोष म्हणता येणार नाही पण मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलंय. आणि मिक्सरपुढच्या पाईपमध्ये किंवा दरवाजातून पाणी जोरात पडत असेल तर इतकं सगळं करून फ्लॉक तिथं तुटतोच, त्यावर कोणताही मिक्सर उपाय नाही.

हेच मशीन सांडपाण्याच्या ॲनॉक्सिक (विरघळलेला ऑक्सिजन नसलेल्या) टाकीला चालेल असं सांगून विकतात, तिथं मी कमी मार्क देईन. तिथं गाळ तरंगत ठेवायचा पण हवा आत ओढू द्यायची नाही, कारण ऑक्सिजन मिळाला की जिवाणू नायट्रेट सोडून तोच वापरतात आणि नायट्रोजन काढायचं काम थांबतं. हे मशीन हवा ओढत नाही हे खरं, पण ब्लेड मधल्या उंचीवर असल्यानं कोपऱ्यात गाळ बसतो, आणि केस-चिंध्या ब्लेडवर गुंडाळतात ते वेगळंच. तिथं तळाशी बसणारा हायपरबोलॉइड (घंटेसारखा खाली पसरत जाणाऱ्या) बॉडीचा मिक्सर जास्त बरा, कमी पॉवरमध्ये तळ स्वच्छ ठेवतो, मोटरही वर कोरडीच असते.

म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या फ्लॉक्युलेशनला पाचपैकी साडेचार, ॲनॉक्सिकला अडीच. ऑर्डर देताना ऑइल सील आणि बेअरिंगचा एक सेट त्याच बिलात टाका, नंतर मागवायला गेलं की येईपर्यंत वाट बघत बसावं लागतं.