‘हुक? काका, हे डिजिटल आहे!’

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मला ‘ग्राफवाले’ म्हणून ओळखतात. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत मोर, कलश, वेलबुट्टी उतरवायची. पंचिंगवाला तो कागद समोर ठेवून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचा. पत्ते दोऱ्यानं ओवले की माळ मागावरच्या जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर चढायची आणि खाली चादर विणली जायची. एकोणतीस वर्षं मी हेच केलं. मग एकेका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, पत्त्यांच्या माळा भंगारात गेल्या आणि मालक म्हणू लागले, “पेनड्राइव्हमध्ये द्या.” महिन्याला आठ-दहा ग्राफ करणारा माणूस मी, एकावर आलो.

हे सांगतोय कारण माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत. कुणी सुरेखशी रांगोळी काढते, कुणी भरतकामाचे खाके काढतो, कुणाच्या मुलीला बारावीनंतर ‘डिझायनिंग’ करायचं असतं. जाहिरात या सगळ्यांच्या मोबाइलवर येते.

माझ्याही आली. ‘घरबसल्या डिजिटल टेक्स्टाइल डिझाइन शिका, सहा महिन्यांत नोकरीची लेखी हमी, शासनमान्य प्रमाणपत्र.’ मी नंबर भरला आणि चहा संपायच्या आत फोन. पोरगी गोड बोलणारी, पहिल्या वाक्यापासून ‘काका’. फी ७२,०००, पण ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ ५४,०००. एकरकमी द्यायची गरज नाही, महिना ३,००० चे १८ हप्ते, व्याज शून्य. सीट धरून ठेवायला आत्ता २,००० पाठवा. मी म्हटलं, मला कॉम्प्युटर चालू-बंद करण्यापलीकडे काही येत नाही. ती म्हणाली, “काका, तुम्ही कोऱ्या पाटीचे, तर उलट लवकर शिकाल.”

कोरी पाटी! एकोणतीस वर्षं ग्राफ काढलेला माणूस कोरी पाटी. तेव्हा मला ते लागलं नाही, उलट हायसं वाटलं. आज तेच सगळ्यात जास्त लागतं.

आता हप्त्यांचं बघा, कारण खरी मेख तिथे आहे. लेकीनं माझ्या फोनवर लिंक उघडली. पॅन, आधार, सेल्फी, एक ओटीपी, दुसरा ओटीपी, बँकेच्या कार्डाचे शेवटचे आकडे. ती पोरगी फोनवरच होती, “हे फक्त केवायसी आहे काका, ‘आय ॲग्री’ करा.” पहिला ओटीपी आधारनं कागदावर सही करण्याचा होता. दुसरा बँकेतून दर महिन्याला आपोआप पैसे कापायच्या परवानगीचा. म्हणजे मी क्लासचे हप्ते बांधून घेतलेच नव्हते, मी एका वित्त कंपनीकडून ५४,००० चं कर्ज घेतलं होतं. ‘शून्य व्याजा’चा हिशेब नंतर एका ओळखीच्या अकाउंटंटनं समजावला. वित्त कंपनी आपलं व्याज आधीच कापून उरलेली रक्कम एकदम क्लासवाल्याच्या खात्यावर टाकते. त्याला पैसे पहिल्या आठवड्यातच मिळतात. त्यानं पुढे शिकवलं काय, न शिकवलं काय, हप्ता तुमचाच. दुकानदाराला अख्खे पैसे आधी मिळाले की तो माल किती मनापासून मोजतो, हे कुणी सांगायला नको.

आणि ते ‘शासनमान्य’? पुढे मी मागे लागून कागद मागवला. त्यावर अशोकस्तंभ होता खरा, पण तो उद्यम नोंदणीचा दाखला होता. ती नोंदणी कुठल्याही लहान उद्योगाला ऑनलाइन, फुकट, स्वतः दिलेल्या माहितीवर मिळते. पिठाच्या गिरणीलाही मिळते. अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे सरकारनं तपासल्याचं त्यात काहीही नसतं.

तिसऱ्या दिवशी आणखी ६,५०० मागितले, फोटोशॉपच्या ‘लाइफटाइम लायसन्स’चे. दिले. ॲडोबीनं नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं २०१३ पासूनच बंद केलंय, तेव्हापासून महिना किंवा वर्षाचं भाडं, हे मला कुठून माहीत असणार? त्यांच्या मुलानं दुरून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून कसलंसं चोरटं सॉफ्टवेअर बसवलं आणि बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लावला. दीड महिन्यात ते उघडेनासं झालं.

क्लास मात्र सुरू झाला, आठवड्यातून तीनदा, रात्री आठला. सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. एक पान काढलं, त्याच्या चार नकला केल्या, फिरवल्या, उलट्या केल्या. कागदावर ज्याला दोन दिवस लागायचे ते दहा मिनिटांत समोर. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

दुसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्यानं बॉर्डर काढायला घेतली. ए-थ्री कागद, ३०० डीपीआय, मऊ ब्रश, सुंदर सावल्या. मी माइक उघडून विचारलं, “सर, हे किती हुकांना बसवायचं?”

तो क्षणभर थांबला. “हुक?”

“जकार्डचे हुक. चारशे ऐंशीचं मशीन धरायचं की मोठं?”

तो हसला. “काका, हे डिजिटल आहे. इथे हुक-बिक काही नसतं.” बाकीची पोरंही हसली. मी माइक बंद केला.

इथे थोडं थांबतो, कारण माझी फसगत ओटीपीला झाली नाही, इथे झाली. हुक म्हणजे जकार्डमधली उभा धागा उचलणारी आकडी. पत्त्यावर भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ साली हे यंत्र बसवलं; भोक आहे किंवा नाही, या दोनच शब्दांत माग बोलतो. कॉम्प्युटरही तसाच दोन शब्दांत बोलतो म्हणे. म्हणजे ज्या यंत्राला मी घाबरत होतो, त्याच्या आजोबाला मी एकोणतीस वर्षं खाऊ घालत होतो. तो शिकवणारा छापील कापडाचं चित्र काढत होता आणि त्याला विणीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मला त्या मिनिटाला दिसलं होतं. पण पडद्यासमोर बसलं की आपलं ज्ञान कवडीमोल, असं मीच धरून चाललो होतो. त्याच दिवशी क्लास सोडला असता तर कदाचित सुटलोही असतो. मोबाइलवरून घेतलेल्या कर्जाला सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत परत फिरायची मुभा असते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरला की दंड न लागता मोकळं होता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. मला तो कुणी सांगितला नाही. कर्जाच्या कागदात होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात.

सातव्या आठवड्यात मी माझी पहिली बॉर्डर पेनड्राइव्हवर घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो, जुन्या ओळखीच्या कारखान्यात. छाती फुगलेली. तिथला डिझाइनचा पोरगा, माझ्या लेकीच्या वयाचा, त्यानं फाइल उघडली आणि काही न बोलता पडदा माझ्याकडे वळवला. मोराच्या पंखाची कड त्यानं मोठी करत नेली, इतकी की एकेक ठिपका चण्याएवढा झाला. हिरवा, मग जरा फिका हिरवा, मग करडट, मग पिवळट.

“मामा, रंग किती वापरले?”

“चार.”

“फाइलमध्ये १,३४७ आहेत.”

मऊ ब्रशनं कड गुळगुळीत दिसावी म्हणून मधले रंग आपोआप भरले होते. छपाईला ते चालतं. मागावर प्रत्येक रंग म्हणजे एक वीण. १,३४७ विणी कुठून आणणार? शिवाय फाइल ३,५०८ ठिपके रुंद आणि त्याचं यंत्र २,६८८ हुकांचं. दाबून बसवली की बारीक रेघा तुटतात. आणि मोराचं पोट एकाच रंगानं सपाट भरलेलं, मध्ये कुठे धागा बांधलेलाच नाही. “हे असंच विणलं तर धागे लोंबतील,” तो म्हणाला, “बायकांची जोडवी अडकतील चादरीत.”

जोडवी अडकतील, हे वाक्य माझं होतं. वीस वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात नव्या पोरांना मी ते ऐकवायचो.

पुढचं भराभर सांगतो. नवव्या आठवड्यात ‘सर आजारी’ म्हणून क्लास बंद. मग ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं झालं. मग ज्या ऑनलाइन ड्राइव्हवर आम्ही बत्तीस जण रोजचं काम चढवत होतो ते कुलूपबंद झालं. प्रत्येकाकडून वीस-पंचवीस डिझाइनं, लेयर, म्हणजे चित्राचे थर, सुटे ठेवून घेतली होती. ती कुठे गेली हे मी सिद्ध करू शकत नाही, पण सराव म्हणून दिलेल्या कामाला ‘उद्या सकाळी दहाच्या आत हवंच’ अशी घाई का असायची, याचा विचार अजून येतो.

हप्ता मात्र दर पाच तारखेला कापला जात होता. मी खातं रिकामं ठेवलं. हा दुसरा गाढवपणा. हप्ता परतला की बँकेचे ५९० वेगळे, कर्जवाल्याचे वेगळे, शिवाय सिबिल खराब. फॉर्मवर ‘संदर्भ’ म्हणून साडूचा नंबर दिला होता. त्याला सकाळी सव्वासातला फोन गेला. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. साडू दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही.

पोलिसांकडे गेलो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पैसे वळते होताच, तासाभरात फोन केला तर उपयोग होतो. माझं तर सगळं मीच सही केलेलं, त्यामुळे ‘हा व्यवहाराचा वाद’ असं ऐकून परत आलो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली गेली, आणि मराठीत बोलता आलं. वित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज केला, त्याला फी नाही. त्यानंतर फोन थांबले. क्लासवाल्याचं ऑफिस दुसऱ्या राज्यात, पण २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी सोलापुरात लावलाय. वकिलानं पहिलं विचारलं, “हमी लेखी आहे का?” जाहिरातीत ‘लेखी’ होती, हातात नव्हती. लेकीनं जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, एवढ्यावर दावा उभा आहे.

कुणी शिकायचंच म्हणत असेल तर पैसे द्यायच्या आधी शिकवणाऱ्याला समोर बसवून एकच काम सांगा. ४८० हुक, इंचाला ४८ उभे धागे आणि ३६ आडवे, चार रंग. यात एक गोल काढून दाखवा. ज्याला येतं तो आधी विचारेल की घर चौकोनी धरायचं का, कारण या हिशेबात पडद्यावरचा गोल मागावर लांबट होतो. ज्याला येत नाही तो तुम्हाला सावल्या दाखवेल. छपाईचं शिकायचं असेल तर त्याला एक वेल द्या आणि उजव्या टोकापासून डाव्या टोकाला सांधा न दिसता जोडायला सांगा. फी पावतीवर, महिन्याच्या महिन्याला. ओटीपी मागितला की फोन ठेवा.

मी शिकलो तो त्या कारखान्यातल्या पोराकडूनच, रविवारी सकाळी, महिना १,५०० देऊन. गिंप (GIMP) नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, त्यात ब्रश सोडून पेन्सिल घ्यायची, रंग इंडेक्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मोजक्या रंगांच्या यादीत, बांधून टाकायचे, एक ठिपका म्हणजे एक घर. विणीचा छोटा चौकोन करून मोराच्या पोटात ओतायचा. पहिल्याच रविवारी मी त्याला म्हटलं, अरे, हा तर माझाच ग्राफ आहे! तो म्हणाला, “मग मी काय म्हणत होतो, मामा?”

अकरा हप्ते गेलेत. दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.