टेट्राझेपाम : सात महिने घेतलेली, आता न मिळणारी गोळी

नोव्हेंबर २०१२. जर्मनीत होतो. घर बदलताना कपाट सरकवायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली की बूट घालता येईना. डॉक्टरांनी टेट्राझेपाम लिहून दिली, ५० मिलिग्रॅमची, रात्री अर्धी.

पहिल्याच रात्री पाठीचा दगड विरघळला. सोबत नोकरीची धाकधूकही गेली. मला वाटलं, दुखणं थांबलं म्हणून मन शांत झालं. तसं नव्हतं. ही बेन्झोडायझेपिन गटातली, म्हणजे डायझेपामच्या भावकीतली गोळी. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवून स्नायू आणि मन दोन्ही सैल सोडते.

सकाळी अकरापर्यंत डोकं जड. एकदा कॉफीचं मशीन सुरू केलं, खाली कप ठेवलाच नव्हता; कॉफी ओट्यावरून सांडत होती आणि मी शांतपणे बघत उभा. गाडी अर्थातच बंद, बिअरही.

तीन आठवड्यांत कंबर मोकळी झाली. तिथेच थांबायला हवं होतं, ही औषधं थोड्या दिवसांसाठीच असतात. पण गोळीशिवाय झोप येईना. मी मागत गेलो, चिठ्ठी मिळत गेली. अर्धीची एक कधी झाली ते कळलंही नाही.

एप्रिल २०१३ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी हिचा परवाना स्थगित करण्याची शिफारस केली. फ्रान्समध्ये त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियांच्या नोंदी झाल्या होत्या. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारख्या, ज्यात कातडी सोलवटून निघते आणि जिवावर बेतू शकतं. बाथरूमच्या दिव्याखाली अंग तपासलं. एक पुरळ नाही. ज्या कारणाने गोळी बाजारातून गेली, त्याने मला हातही लावला नाही. मला नडली ती सवय.

डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा आठवडे कमी करत आणली. भाजीच्या सुरीने आधी अर्धी, मग पाव. पहाटे तीनला छातीत धडधड, पायांत मुंग्या, घामाने ओली उशी. उसण परवडली. पण एकदम तोडली तर फिटचे झटकेही येऊ शकतात, म्हणून या भावकीतली कुठलीही गोळी नियमित चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि हिची जुनी पाकिटं घरात सापडली तर घेऊ नका.

कमरेसाठी पाचपैकी चार गुण. सोडण्याच्या बाबतीत शून्य.

शेवटची पाव गोळी कापताना तिचा भुगा झाला. बोट ओलं करून मी तो ओट्यावरून टिपून चाटला.