होस्टेलच्या खोलीत सीओटू मीटर: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

हा रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितेय. मीटर घेताना जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे खोका उघडल्या उघडल्या लिहिलेले होते आणि त्यात पडद्याचा रंग, चार्जिंगची केबल यापलीकडे काही नव्हतं. होस्टेलमध्ये राहून हा रोज वापरला तर नेमकं काय हाती लागतं, ते इथे लिहिते.

आधी पार्श्वभूमी. दीड वर्ष घरून ऑनलाइन लेक्चर्स झाल्यावर २०२१ मध्ये आमचं होस्टेल पुन्हा उघडलं. सोबत नियमांचं पत्रक आलं: दारात ताप मोजणार, जिन्याजवळ सॅनिटायझर, मेसमध्ये एक सोडून एक खुर्ची, कॉरिडॉरमध्ये रोज फवारणी. हवेबद्दल त्यात एक ओळही नव्हती. आणि आम्ही दोघी तर रोज रात्री एका लहानशा खोलीत, दार लावून, मास्क काढून झोपणार होतो. कोविड मुख्यतः श्वासावाटे पसरतो आणि बंद जागेत हवेतले बारीक कण तासन् तास तरंगत राहू शकतात, हे तोवर पुरेसं स्पष्ट झालं होतं. २०२० च्या जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून जागतिक आरोग्य संघटनेला हेच सांगितलं होतं. अमेरिकेत स्कॅगिट व्हॅलीतल्या समूहगायनाच्या सरावाचं उदाहरण मला विसरता येत नव्हतं. १० मार्च २०२० ला अडीच तासांच्या सरावाला ६१ जण आले, त्यातल्या ५३ जणांना आजार झाला. हात धुण्याची काळजी त्यांनीही घेतली होती.

म्हणून हा मीटर घेतला. तो विषाणू मोजत नाही, हे आधीच सांगते, कारण मजल्यावर सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न आला. तो मोजतो कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम. म्हणजे खोलीतला आकडा जेवढा वर चढेल, तेवढी आपण एकमेकींनी सोडलेली हवा पुन्हा आत घेतोय. १२०० ला श्वासातला साधारण पन्नासावा भाग कुणाच्या तरी फुप्फुसातून आधीच जाऊन आलेला असतो, २४०० ला विसावा. १००० पीपीएमची मर्यादा पेटेनकोफर या जर्मन आरोग्यतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सुचवली होती. महासाथीत अनेक तज्ज्ञ ८०० च्या खाली राहा म्हणत होते, आम्हीही तोच आकडा धरला.

पहिल्या रात्री आम्ही नेहमीसारखं दार-खिडकी लावून, पंखा चालू ठेवून झोपलो. सकाळी आकडा २३०० च्या वर. पंखा फुल होता! छताचा पंखा हवा नुसती घुसळतो, नवीन हवा आत आणत नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतंच, पण समोर आकडा दिसला की पटतं. एसीचंही तेच. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, त्यामुळे ‘एसी लावलाय ना, मग हवा खेळती आहे’ असं कुणी म्हणालं की मी मीटर पुढे करते.

मग खरी मजा सुरू झाली. खिडकी दोन बोटं उघडली तर सकाळी हजार-अकराशे. तेवढीच खिडकी आणि दाराच्या वरची झडपही उघडी ठेवली तर सातशेच्या आसपास. फरक झडपेने पडला, कारण समोरासमोर दोन वाटा असल्या की हवा आरपार जाते. एकच मोठी खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान फटी आमच्या खोलीत कधीही सरस ठरल्या. सकाळी दार आणि खिडकी दोन्ही पूर्ण उघडली की दहा-पंधरा मिनिटांत आकडा सहाशेच्या खाली येतो, त्यामुळे थंडीत रात्रभर कुडकुडण्यापेक्षा आम्ही झोपण्याआधी आणि उठल्यावर खोली अशी धुऊन काढायचो आणि रात्री दोन्हीकडे फटी ठेवायचो.

रूममेटला थंडी फार बाधते. पूर्वी ‘खिडकी लाव ना’ आणि ‘अगं, राहू दे’ यावर रोज कुरबुर व्हायची. आता ती स्वतःच मीटरच्या पडद्याकडे बघते. एका रात्री मी अर्धवट झोपेत असताना तिचा आवाज आला, ‘तेराशे झालेत गं, झडप कुणी लावली?’ दोघींचं पटण्यासाठी मला या यंत्राचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

खोलीबाहेर तो अभ्यासिकेत सगळ्यात कामाला आला. परीक्षेच्या दिवसांत तिथे संध्याकाळी सातनंतर आकडा १८०० पर्यंत जायचा. खिडक्या उघडायच्या तर बाहेरचा आवाज, आणि वरच्या झडपा रंगकामात चिकटून बसलेल्या. मेसमध्ये उलट चित्र होतं. एक सोडून एक खुर्चीचा नियम महिन्याभरात कुणी पाळेना, पण छत उंच, दोन्ही बाजूंना खिडक्या, त्यामुळे गर्दीतही नऊशेच्या वर क्वचितच. नियमांचा सगळा धाक मेसमध्ये, आणि अभ्यासिकेत मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, हे मला अजूनही खटकतं. कॉमन किचनमधला आकडा मात्र धरू नका. गॅसच्या ज्योतीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे कुणी स्वयंपाक करत असेल तर तो माणसांच्या श्वासाचा हिशोब उरत नाही.

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये रूममेट पॉझिटिव्ह आली. विलगीकरणाच्या खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून पहिले दोन दिवस आम्ही दोघी एकाच खोलीत होतो. खिडकी पूर्ण उघडी, बाथरूमचा एक्झॉस्ट सतत चालू, दोघींना एन ९५, आणि कॉरिडॉरकडच्या झडपेवर टेप, खोलीतली हवा इतरांकडे जाऊ नये म्हणून. आकडा सहाशेच्या वर गेला नाही. मला लागण झाली नाही, पण ती मीटरमुळे टळली असं मी म्हणणार नाही. मास्क घातल्याने आकडा बदलत नाही आणि हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर लावला तरी बदलत नाही, कारण फिल्टर कण अडवतो, वायू नाही. प्युरिफायर चालू असलेली खोली १२०० दाखवूनही बरीच सुरक्षित असू शकते. आणि पॉझिटिव्ह माणूस अगदी जवळ बसून बोलत असेल तर ६०० चाही भरवसा नाही. हा आकडा एवढंच सांगतो की बाहेरची हवा पुरेशी येतेय की नाही. त्या दोन दिवसांत मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. खिडकी उघडी आहे म्हणून हवा येत असेल असं नुसतं धरून झोपणं मला जमलं नसतं.

आता खरेदीचं, आणि इथे जरा सविस्तर, कारण इथेच लोक फसतात. एनडीआयआर सेन्सर असलेलाच मीटर घ्या. तो इन्फ्रारेड प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजतो. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच यंत्रांवर ‘ईसीओटू’ लिहिलेलं असतं. ती हवेतली इतर सेंद्रिय रसायनं मोजतात आणि त्यावरून आकडा अंदाजाने काढतात. ओळखायची सोपी युक्ती: शेजारी हाताला सॅनिटायझर चोळा. आकडा एकदम उसळला तर ते यंत्र अल्कोहोल मोजतंय. शेजारच्या खोलीतल्या मुलीने असंच एक आणलं होतं. कुणी हात साफ केले की तिच्या पडद्यावर ३००० लाल व्हायचे आणि ती बिचारी थंडीत खिडक्या उघडत बसायची. त्याच टेबलावर आमचा ७०० वर शांत असायचा. सॅनिटायझरच्या बाटल्या जागोजागी असताना अशा यंत्राचा होस्टेलमध्ये काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळवून घेणं. बहुतेक मीटर आपोआप कॅलिब्रेट होतात. गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं ते गृहीत धरतात. ज्या खोलीत मोकळी हवा कधीच पूर्ण येत नाही तिथे हे गृहीतक चुकतं, मीटर हळूहळू खाली सरकतो आणि कोंदट खोलीही चांगली दाखवू लागतो. थंडीत आमचा सकाळी संशयास्पदरीत्या कमी दाखवू लागला होता. गच्चीवर नेला तर ३३० दाखवला, जे बाहेरच्या हवेत शक्यच नाही. तेव्हापासून ऑटो कॅलिब्रेशन बंद ठेवलंय आणि महिन्यातून एकदा गच्चीवर हाताने करतो. ही सोय मेन्यूत आहे की नाही ते घेण्याआधी बघाच.

बाकी किरकोळ. बॅटरीवर तो दर पाच मिनिटांनी मोजतो, चार्जरवर दर मिनिटाला. उशाशी ठेवू नका, आपल्याच श्वासाने आकडा फुगतो, आणि खिडकीच्या कट्ट्यावरही नको. आमचा टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात, दोन्ही पलंगांपासून लांब असतो. अलार्मचा आवाज कर्कश आहे, पहिल्याच रात्री बंद केला. मोबाइल ॲप कामचलाऊ, पण त्यातला आलेख फार उपयोगी. तो नसता तर अभ्यासिकेचं काम झालं नसतं. परीक्षेच्या आठवड्यातले आलेख छापून आम्ही वॉर्डन सरांना दिले. सरांनी ते दोनदा बघितले, ‘सातला कशाने चढतो?’ विचारलं, संध्याकाळी स्वतः येऊन बसले आणि त्याच आठवड्यात सुतार बोलावून झडपा मोकळ्या करून घेतल्या. आता भरलेल्या अभ्यासिकेत हजाराच्या खाली असतो.

एकटीची खोली आणि चांगली खिडकी असेल तर हा घ्यायची गरज नाही. दोघी-तिघींची खोली असेल तर नक्की घ्या, पण खोलीगणिक नको, मजल्यावर वर्गणी काढून एक पुरतो. प्रत्येक खोलीत तीन-चार रात्री राहिला की कोणती फट किती ठेवायची याचा अंदाज येतो, थंडी सुरू झाली की पुन्हा एकदा बघायचं. आमचा सध्या वरच्या मजल्यावर फिरतोय. या वापरात आधी हिशोबात धरायची गोष्ट म्हणजे चार्जरची पिन सैल होते, त्यामुळे जादा केबल सोबतच मागवा.