धुळीसाठी काय लावावं: स्नॉर्कल, सायक्लोन की कंपनीचाच कागदी फिल्टर?

मेच्या शेवटी म्हसवडकडून परतल्यावर थारच्या एअर फिल्टरचा डबा उघडला. मळक्या बाजूला चिमटीत येईल एवढा फुफाटा साचला होता. ते ठीकच, फिल्टर त्यासाठीच असतो. पण फिल्टर उचलला आणि स्वच्छ बाजूच्या काठाला पेन्सिलीने ओढावी तशी मातकट रेघ दिसली. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जाणाऱ्या नळीत फिरवलं, तर फडक्यावर रंग उतरला. फिल्टर कंपनीचा नव्हता. तसाच दिसणारा, स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला होता, आणि त्याची कडेची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दबतच नव्हती. हवेला कागदाला वळसा घालून जायची वाट मिळाली होती.

त्या दिवसापासून कुणी "धुळीसाठी स्नॉर्कल (छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी) लावू का" असं विचारलं की मी आधी विचारतो, फिल्टरची कड शेवटची कधी पाहिलीत? खाली जे पर्याय तोलले आहेत ते या प्रश्नाच्या नंतरचे आहेत.

इंजिन किती हवा ओढतं याचा अंदाज असला की पुढचं सगळं सोपं होतं. थारचं २१८४ सीसीचं डिझेल इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३.३ घनमीटर हवा आत घेतं, म्हणजे तासाला जवळपास २०० घनमीटर. टर्बोचा दाब धरला तर आकडा दीडपट-दुपटीवर जातो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे तासाभरात नऊ ते बारा खोल्यांतली हवा त्या एका डब्यातून जाते, आणि ताफ्यात मागे असाल तर त्या सगळ्या खोल्या धुळीने भरलेल्या.

ही धूळ मऊ नसते. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह मापावर ७ आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडातली मुख्य खनिजं ५ ते ६.५ च्या दरम्यान येतात, म्हणजे खडी क्रशरच्या रस्त्यावरची भुकटीही लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या, बिडाला ओरखडायला पुरेशी आहे. सगळ्यात घातक असतात ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामधला तेलाचा थर त्याच मापाचा असतो. डोळ्यांना दिसणारी वाळू फिल्टर अडवतोच. न दिसणारं पीठ इंजिन खातं. आधी टर्बोच्या पंख्याच्या कडा झिजतात, मग रिंगा जातात, ऑइलच्या झाकणातून धूर येऊ लागतो, गाडी ऑइल पिते, आणि शेवटी बोअर-पिस्टनचं काम निघतं.

कंपनीचा कागदी फिल्टर, नीट बसवलेला

यापेक्षा बारीक गाळणारं काही तुम्हाला बाजारात सहज मिळणार नाही. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो, आणि थोडा मळल्यावर नव्यापेक्षा जास्त चांगलं गाळतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच गाळणी होतो. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून कॉम्प्रेसरने हवा मारायची जी सवय आपल्याकडे आहे, ती मला मनापासून नको वाटते. जवळून मारलेल्या हवेने कागदाची छिद्रं फाकतात, आणि डबा उघडला की काठावरची थोडी माती हमखास स्वच्छ बाजूला पडते.

टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो म्हणून हा हिशोब करून बघा. एका हंगामात फिल्टरवर एक किलो धूळ आली असं समजा. ९९.५ टक्के गाळणारा फिल्टर ५ ग्रॅम आत सोडेल, ९८ टक्के गाळणारा २० ग्रॅम. म्हणजे आत जाणारी धूळ चौपट.

करायचं काम थोडं आहे. अस्सल फिल्टर घ्या. डब्याच्या खाचेतली जुनी माती ओल्या फडक्याने पुसा. रबरी कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे कड नीट बसते आणि पुढच्या वेळी ग्रीसला चिकटलेली माती बघून धूळ कुठून वाट काढतेय ते कळतं. डब्याच्या सगळ्या क्लिपा लागतात ना हे बोटाने दाबून पाहा. तुटलेल्या क्लिपेच्या जागी तार बांधलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. शेवटी फिल्टरपासून टर्बोपर्यंतची रबरी नळी खालच्या बाजूने तपासा. घड्यांच्या खोबणीत पडलेली चीर वरून दिसत नाही. आरसा आणि टॉर्च लागतो.

तेल लावलेला सुती फिल्टर

धुवून पुन्हा वापरता येतो, हवा मोकळी जाते, गाडी "उघडते", असं सांगून हा विकला जातो. शहरात, डांबरावर चालणाऱ्या गाडीला ठीक आहे. धुळीसाठी घेत असाल तर घेऊ नका. हवा मोकळी जाते ती जाळी विरळ असते म्हणून, आणि विरळ जाळीतून बारीक पीठही मोकळं जातं. शिवाय तेल जास्त लागलं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या पट्टीवर बसतं, रीडिंग चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

तेल लावलेला फोम ही वेगळी गोष्ट. मोटोक्रॉसच्या बाईकवर तोच असतो आणि चिखल-धूळ दोन्ही सोसतो, पण दर फेरीनंतर धुवायची, वाळवायची, हाताने तेल मुरवायची शिस्त हवी. दोन फोम घेऊन आलटून-पालटून वापरणार असाल तरच जीपगाडीत याचा विचार करा.

स्नॉर्कल

स्नॉर्कलचं मूळ काम पाणी. नदी ओलांडताना हवेचं तोंड छताच्या उंचीवर असावं यासाठी ते आहे. फोर्स गुरखा कंपनीतूनच स्नॉर्कल घेऊन येते, इतरांना ते बाहेरून बसवावं लागतं. धुळीत त्याचा उपयोग उंचीपुरता. चाकांनी उडवलेली धूळ जमिनीजवळ दाट आणि वर विरळ असते, म्हणून मडगार्डच्या आतून हवा घेण्यापेक्षा छताजवळून घेतली तर फिल्टरवर कमी माती येते. एकट्याने जाताना हा फरक चांगला जाणवतो. पण ताफ्यात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असलात तर धुरळा छताच्याही वर जातो, आणि तिथे स्नॉर्कल म्हणजे फक्त उंच नळी.

डोकं पुढे तोंड करून असेल तर समोरची धूळ थेट त्यात शिरते. बऱ्याच स्नॉर्कलचं डोकं फिरवता येतं. धुळीच्या टप्प्यात ते मागे वळवा, पावसात पुढे घ्या, कारण पाणी निथळायची खाच त्या बाजूने बसलेली असते.

आता बसवण्याबद्दल, कारण लोक फसतात ते इथेच. माझ्या मित्राच्या गाडीला एका दुकानात स्नॉर्कल बसवलं. बाहेरून काम सुरेख होतं. मडगार्ड काढून पाहिलं तर आत नळीचा सांधा नुसत्या सिलिकॉनवर टेकवलेला, क्लॅम्प नाही. दोन महिन्यांत तो सुटला. हा सांधा फिल्टरच्या आधीचा, मळक्या बाजूचा असल्यामुळे धुळीच्या दृष्टीने फार बिघडलं नाही. इंजिन मडगार्डच्या आतली धूळ ओढत होतं आणि फिल्टर ती गाळत होता, फक्त लवकर भरत होता. पण त्याच सांध्यावर भरवसा ठेवून तो पाण्यात उतरला असता तर सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकले असते. फिल्टरच्या आधीची गळती पाण्यात मारते, फिल्टरच्या नंतरची धुळीत. गॅरेजमध्ये काम समजून घेताना कुठला सांधा कुठल्या बाजूचा आहे हे विचारून घ्या.

सायक्लोन प्री-क्लीनर

ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचा पारदर्शक वाडगा शेतावरच्या माणसाला समजावून सांगायला नको. हवा तिरक्या पात्यांतून आत येते, गरगर फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन वाडग्यात पडतात आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून फिल्टरकडे जाते. धुळीशी लढण्याचा धंदाच मुळी ट्रॅक्टरपासून सुरू झाला: डोनाल्डसन ही फिल्टरची कंपनी अमेरिकेत १९१५ साली उभी राहिली ती शेतातल्या धुळीने ट्रॅक्टरची इंजिनं बसत होती म्हणून.

बाहेरची धूळ कमी करण्यासाठी एकच वस्तू बसवायची असेल तर मी हीच सांगेन. वजनाने बघितलं तर धुळीचा मोठा भाग ती फिल्टरपर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणून कागदी फिल्टर कितीतरी जास्त टिकतो आणि डबा वारंवार उघडावा लागत नाही. मात्र बारीक पीठ तिच्यातून पार होतं, कारण एवढ्या हलक्या कणांना बाहेर फेकायला ते फिरणं पुरत नाही. तेव्हा सायक्लोन लावून फिल्टरकडे दुर्लक्ष करणं म्हणजे चाळणी आहे म्हणून गाळणी टाकून देणं.

दोन प्रकार मिळतात. वाडग्याचा स्वस्त आणि साधा. धूळ किती आली ते डोळ्यांना दिसतं, पण खुणेपर्यंत भरला की रिकामा करावाच लागतो; भरलेला वाडगा काम करत नाही. दुसरा, धूळ खाचेतून आपोआप बाहेर फेकणारा, महाग, पण लांबच्या फेरीत विसरता येण्याजोगा. कुठलाही घ्या, माप इंजिनला जुळलं पाहिजे. छोटा घेतला तर इंजिन गुदमरतं, फार मोठा घेतला तर हवा पुरेशी फिरतच नाही आणि धूळ सरळ आत जाते. म्हणून ६० एचपीच्या ट्रॅक्टरचा वाडगा १३० एचपीच्या टर्बो गाडीवर चढवू नका. विकणाऱ्याकडून मिनिटाला किती हवेसाठी तो बनवला आहे हा आकडा मागा आणि वर केलेल्या हिशोबाशी ताडून पाहा.

त्याचे तोटे मला त्रास देतात ते असे: स्नॉर्कलवर बसवला की गाडीची उंची वाढते आणि सह्याद्रीतल्या करवंदीच्या, सागाच्या वाटांवर फांद्या अडकतात. मुसळधार पावसात वाडग्यात पाणी साचतं. आणि वेग वाढला की शिट्टी वाजते, ती प्रवासभर ऐकावी लागते.

स्नॉर्कलच्या डोक्यावर फोमचा मोजा चढवणं हा सायक्लोनचा स्वस्त भाऊ. एका दिवसाच्या धुळीच्या टप्प्यासाठी चांगला, पण संध्याकाळी काढून झटकायचा, आणि पावसाचा थेंब दिसला की आधी तो उतरवायचा. भिजलेला फोम हवेची वाट बंद करतो.

जुन्या जीपवाल्यांसाठी

महिंद्राच्या एमएम ५४० किंवा त्याच्याही आधीच्या जीपला तेलाच्या भांड्याचा (धूळ तेलात अडकवणारा) फिल्टर असेल तर तो वाईट नाही, पण कागदाच्या पंगतीला बसत नाही. कमी आरपीएमला त्याची पकड ढिली पडते, आणि चढावर गाडी फार कलली तर तेल हलतं. तेल खुणेच्या वर कधीही भरू नका. इंजिनने ते ओढलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटू शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. कागदी फिल्टरचा डबा बसवून घेणार असाल तर ट्रकच्या दुकानातला गोल डबा बघा. त्याच्या बुडाला रबरी चोच असते, ती अधूनमधून दाबली की साचलेली माती खाली पडते.

पैसे कुठे घालावेत

वर्षातून दोन-तीनदा धुळीत जाणाऱ्याने अस्सल फिल्टर, ग्रीस, चांगले क्लॅम्प एवढंच करावं आणि वरचे पैसे डिझेलला ठेवावेत. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्याने स्नॉर्कल जरूर लावावं, पण ते पाण्यासाठी लावतोय हे लक्षात ठेवून. कच्छच्या रणात, जैसलमेरच्या वाळूत किंवा खाणीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्याला सायक्लोन हवाच. आणि गाडी कोणतीही असो, फिल्टर किती चोंदला हे दाखवणारा छोटा इंडिकेटर बसवा. ट्रक-ट्रॅक्टरच्या दुकानात तो मिळतो, लाल पट्टी वर आली की फिल्टर बदलायचा, त्याआधी डबा उघडायचाच नाही. तो स्वच्छ बाजूला भोक पाडून बसतो, म्हणून भोकाला रबरी ग्रॉमेट घट्ट असू द्या, नाहीतर नवी फट आपणच केली असं होईल.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो.

ताफ्यात जाताना पुढच्या गाडीचा धुरळा बसेपर्यंत थांबा, किंवा वाऱ्याची बाजू धरून किंचित कडेने चाला. याला एक पैसा लागत नाही आणि कुठल्याही डब्यापेक्षा जास्त धूळ यानेच वाचते.

काहीही बसवलंत तरी पाचशे किलोमीटरनंतर एकदा फिल्टरनंतरची नळी सोडवा, पांढरं फडकं बोटाला गुंडाळा आणि आत फिरवून पाहा. ऑइलचा पुसट डाग आला तर घाबरू नका, टर्बोच्या गाडीत थोडी ओल असतेच. फडकं चुरचुरीत मातकट निघालं तर गाडी तिथेच उभी ठेवा, आणि फट सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका.