कानाचं मशीन: आठ महिने वापरून

मागच्या नवरात्रात दोन्ही कानांना मशीन घेतलं. कानामागे बसणारं, बारीक तार कानात जाणारं. दोन्ही मिळून 72,000 रुपये पडले. आमच्या पिढीला कानाचं मशीन म्हणजे म्हातारपणाची पाटी वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं वय 67, राहायला नागपूरचं त्रिमूर्तीनगर, 30 वर्षं शाळेत शिकवलं. कमी ऐकू येतं हे माझं मलाच कळलं नव्हतं. आवाज तर येत होता! कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा टीव्ही, सगळं. फक्त माणसं पुटपुटायला लागली होती. सून तोंडातल्या तोंडात बोलते, भिशीतल्या बायका मुद्दाम हळू बोलतात, असं मी धरून चालले होते. पुढे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या ताईंनी तपासणीचा आलेख समोर ठेवून समजावलं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, आणि स, श, फ ही अक्षरं त्याच पट्टीत असतात. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. माझ्या कानांत 50 ते 55 डेसिबलची घट निघाली.

पण त्याआधीची दोन वर्षं फार वाईट गेली. मुलगा-सून ओट्याशी बोलत असायचे, मी गेले की गप्प व्हायचे. प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायचा त्यांना कंटाळा येई, एवढंच होतं. मला मात्र वाटायचं, माझ्याबद्दलच बोलून राहिले. रात्री अंथरुणात पडून मी त्यांचं अख्खं संभाषण मनात रचायची आणि त्यावर रडायची. भिशी सोडली. अंबाझरीचं सकाळचं फिरणं सोडलं. संध्याकाळी पाचलाच खोलीचं दार लावून घ्यायची. झोप गेली, लोकांची नावं आठवेनाशी झाली.

एक गोष्ट सांगताना अजून घशाशी येतं. हुडकेश्वरला माझी पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण आहे. तिचा फोन आला, ‘काकू वारल्या.’ मी ऐकलं, ‘काकू आल्या.’ म्हटलं, ‘बरं झालं. आता राहू दे चार दिवस.’ तिनं फोन ठेवला, पुन्हा केला नाही. का केला नाही, हे मला वर्षभर कळलं नाही. तिलाही मी नकोशी झाले, हा अर्थ मी लावून मोकळी झाले.

शेवटी मुलानं मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. आईला विसरण्याचा आजार लागला, अशी त्याला भीती होती. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. त्यांनी विचारलं एक, मी उत्तर दिलं भलतंच. त्यांनी मास्क काढला, खुर्ची पुढे ओढली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उत्तर बरोबर आलं. गोळ्या नंतर बघू, आधी कान तपासा, म्हणाले. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? शब्द ओळखण्यातच जीव दमतो, मग आठवणीत ठेवायला जोर उरत नाही. त्या वाक्यानं मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

पहिल्या दुकानात गेलो तिथला माणूस छातीठोक सांगत होता, ‘मशीन लावा, स्मृतिभ्रंश होणारच नाही.’ ते ऐकून भाचा चिडला, तो डॉक्टर आहे. त्यानं सांगितलं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली आहेत, त्यात ऐकू न येणं आहे, एकटं पडणंही आहे. पण 2023 मध्ये अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवरचा कानाच्या मशीनचा अभ्यास आला, त्यात सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यातच मशीनमुळे तीन वर्षांत बुद्धीची घसरण जवळपास निम्मी झाली. म्हणजे आशा आहे, हमी नाही. हमी देणाऱ्या दुकानातून आम्ही उठलो.

आता मशीन. पहिले पंधरा दिवस नको वाटतं. पेपरची पानं कडकड वाजतात, स्वतःचं चावणं डोक्यात घुमतं. काढून ठेवू नका. ताईंनी चार फेऱ्यांत आवाज थोडा थोडा वाढवला, म्हणून मेंदूला सवय झाली. विकत घेताना या फेऱ्या किमतीत धरल्या आहेत का, ते आधी विचारा. ऑनलाइन मिळणारं दोन हजारांचं यंत्र मी आधी आणलं होतं, ते सगळंच सरसकट मोठं करतं, पडलंय कपाटात. 312 नंबरची सेल, तपकिरी स्टिकरची, मला सहा-सात दिवस जाते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम हा मशीनचा खरा वैरी, रोज रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवते.

आणि कूलर! खस लावलेला आमचा मोठा कूलर सुरू असला की मशीन निम्मं हरतं. तेव्हा घरच्यांनाही शिकावं लागलं. सून आता आधी ‘आई’ म्हणते, मी वळले की समोर येऊन बोलते. जेवताना कूलरचा पंखा कमी करतात. नातू ओरडायचा, त्याला सांगितलं, ओरडू नको, सावकाश बोल. हे केलं नसतं तर 72,000 वाया गेले असते, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना परवडत नाही त्यांनी नागपुरातल्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्रही आहे, त्याची चौकशी करावी.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी हुडकेश्वरला गेले. काकूंच्या फोटोला हार बघितला आणि उभ्या उभ्या समजलं. सगळं सांगितलं तिला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग माझ्या कानामागे हात लावून बघितला तिनं. आता रविवारी फोन येतो, पहिला प्रश्न ठरलेला: ‘मशीन लावलं ना गं?’ मग बोलते.