सिडकोतल्या कॅनडा पीआर कन्सल्टन्सीचा अनुभव (पाचपैकी अडीच)

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्याचा, विषय आमच्या घरात मी काढला. मी आयसीयूत स्टाफ नर्स, हे वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला. दोन वर्षं नुसतं बोलणंच चाललं होतं, शेवटी सिडकोतल्या एका कन्सल्टन्सीत गेलो.

काउन्सेलरनं खुर्ची यांच्याकडे वळवली ती तासभर तशीच. "सर, शिक्षण? सर, अनुभव?" मला एकच प्रश्न, "मॅडम, मुलं किती?" मुख्य अर्जदार म्हणून यांचं नाव लिहिलं, जोडीदाराच्या रकान्यात माझं. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. २५,००० चा पहिला हप्ता भरून आलो.

रात्रपाळी करून आल्यावर मी कॅनडा सरकारच्या साइटवर पॉइंट मोजले. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे पॉइंटवर पीआरसाठी निवड होते त्या पद्धतीत, नवरा-बायकोपैकी कुणीही मुख्य अर्जदार होऊ शकतं. जोडीदारासह अर्ज असेल तर ३६ व्या वर्षी वयाचे ६५ पॉइंट मिळतात, ३१ व्या वर्षी ९०. हे ३६ चे, मी ३१ ची. वयातच २५ चा फरक! शिवाय २०२३ पासून आरोग्य क्षेत्राचे वेगळे ड्रॉ (अर्जासाठी बोलावणं येणाऱ्यांची निवड) निघतात, त्यात नर्स बसते. ज्यांचा धंदाच हा, त्यांनी हे सांगायला नको?

परत गेलो तर उत्तर मिळालं, "सरांच्याच नावानं फाइल करतात सगळे."

येताना गाडीवर हे गप्प. नगर नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "तिकडं तू कामाला जाणार आणि मी घरी बसणार, अण्णांना काय सांगू?" मला राग नाही आला. बारा वर्षांची नोकरी सोडायची म्हणजे धास्ती वाटणारच. पहिले सहा महिने कुणाचं काम, पोरीकडं कोण बघणार, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. सासूबाईंनी तर ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "जिच्या नावानं लवकर होतंय तिच्या नावानं करा की."

कागदपत्रांचं काम मात्र चोख. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट कशी मागवायची, वेसला (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) काय पाठवायचं, सगळं लिहून दिलं. आयएल्ट्सच्या (इंग्रजीची परीक्षा) स्पीकिंगचा सराव घेणाऱ्या मॅडम फार मनापासून शिकवतात. पण तिथं नर्स म्हणून काम करायला त्या-त्या प्रांताची वेगळी नोंदणी लागते, हे कुणीच सांगितलं नाही.

नाव बदलायचे ८,००० जास्तीचे मागितले. दिले नाहीत. दुसरा हप्ता माझ्या नावाची फाइल डोळ्यांनी बघूनच भरला.