किडनी ट्रान्सप्लांटची माहिती: भाषांतरित पुस्तिका की कोकणासाठी केलेला फ्लिपचार्ट?

डायलिसिस सेंटरला दोहोंतलं एक निवडायचं असेल, तर आधी दोन्हींतलं जेवणाचं पान उघडा. फरक तिथेच कळतो.

'ग्रेपफ्रूट खाऊ नका,' असं शहरातून आलेली पुस्तिका सांगते. हे फळ कोकणात मिळतच नाही, त्यामुळे पेशंट निर्धास्त होतो आणि गणपतीत माटवीला (मूर्तीवरच्या फळाफुलांच्या चौकटीला) टांगलेलं पपनस सोलून खातो. पपनस त्याच जातकुळीतलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी घ्यावी लागते. पपनस आतड्यात तिचं विघटन रोखतं, रक्तातली औषधाची पातळी चढते, हात थरथरतात आणि बसवलेल्या किडनीलाच इजा होते. गोळी आणि फळ यांत चार तासांचं अंतर ठेवूनही भागत नाही. शहाळंही पुस्तिकेतून असंच निसटतं: पेलाभर पाण्यात सुमारे 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, पण पुस्तिकेच्या यादीत बहुधा केळं आणि संत्रंच. बिंबलाचा रस, अर्धकच्च्या तिसऱ्या (शिंपल्या), खारवलेली सुकट ही टाळायची नावं चांगल्या फ्लिपचार्टमध्येच सापडतील.

औषधांच्या बाबतीत मात्र पुस्तिका सरस. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायची, पातळी तपासायची त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच, हे तिच्यात नेमकं असतं. ते पान फ्लिपचार्टला जोडाच. रमजानच्या रोजांच्या महिन्यात गोळ्यांच्या वेळा कशा जमवायच्या हे डॉक्टरांना आधी विचारा, ही ओळ दोन्हींत हवी.

दात्याचं पान सर्वांत नाजूक. नुसतं 'जवळचे नातेवाईक' पुरत नाही. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात, 2011च्या दुरुस्तीसह, नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं, आजीआजोबा आणि नातवंडं येतात. आपल्याकडे चुलतभावालाही भाऊच म्हणतात. त्याच्या भरवशावर घर थांबतं आणि मग प्राधिकार समितीची मंजुरी लागते हे कळतं. प्रत्येक चित्रात किडनी देणारी बायकोच दिसत असेल, तर तो फ्लिपचार्ट परत पाठवा. दाता स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती पेशंटव्यतिरिक्त दुसऱ्याने पडताळावी, असं 2014चे नियम सांगतात. देवाला कौल लावणाऱ्या घराला अंधश्रद्धाळू म्हणणारं पानही नको. तिथे माणूस ऐकायचंच थांबतो.

पुस्तिकेला किंवा फ्लिपचार्टला गुण देण्यासाठी 'सॅम' (आरोग्याची माहिती वाचकाला कितपत योग्य आहे हे मोजणारी पद्धत) वापरत असाल तर जपून. तिच्या प्रत्येकी दोन गुणांच्या 22 निकषांपैकी संस्कृतीचे दोनच. त्यांत शून्य मिळूनही एकूण 44 पैकी 40 होतात. ते दोन वेगळे काढून बघा, आणि तिथे शून्य असेल तर निवड तिथेच थांबवा.

मालवणीत लिहिलेला फ्लिपचार्ट दापोलीत परका वाटतो, म्हणून मजकूर साध्या मराठीत आणि फळा-माशांची नावं त्या-त्या तालुक्यातली ठेवा. छापण्याआधी पाच-सहा पेशंटना दाखवून विचारा, "आता घरी गेल्यावर काय खायचं नाही, सांगा बघू." दोघं जरी पपनस विसरले, तरी ते चित्र मोठं करा.